हिरव्या पट्ट्यातले काका

नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावच्या आठवडी बाजारात मी मधुमेहाची पत्रकं वाटायचे. पत्रकावर एक तक्ता होता. उंची आणि वजन जुळवलं की रंग कळायचा: हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे डॉक्टरकडे पळा. हा तक्ता उंच, धिप्पाड डच शरीरांवरून बेतलेला आहे हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. सल्ले द्यायची सवय लागली की प्रश्न विचारायची सुटते.

समोर एका व्हिएतनामी जोडप्याची तळलेल्या रोलची गाडी होती. नवरा साठीचा, भातशेतीच्या खेड्यातून आलेला, काटकुळा. मी त्यांना काका म्हणायचे. अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी तो बढती मिळाल्यासारखा स्वीकारला. आमचं सगळं बोलणं मोडक्यातोडक्या डचमध्ये.

वसंतात ते आणखी वाळू लागले. "सारखी तहान लागते," म्हणाले.

मी तक्त्यावर बोट ठेवलं. "हिरव्यात आहात, काका! तुम्हाला कसला मधुमेह? तो त्या पोटवाल्यांना."

"ऐकलंत?" काकी त्यांना म्हणाल्या. "शिकलेली पोरगी सांगतेय."

गावाकडून मात्र व्हिडिओ कॉलवर रोज बोलणी बसायची. त्यांच्या खेड्यात अंग भरलं म्हणजे दिवस बरे आले, हाडं दिसली म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय. "तिथे काय गवत खातोस?" असं बहीण ओरडते, हे काकाच मला हसत सांगायचे. माझी आई पुण्याहून मला अगदी हेच विचारते, म्हणून मलाही हसू आलं. मग अंगाला लागावं म्हणून काकी त्यांना डब्यातल्या घट्ट, गोड दुधाची कॉफी पाजू लागल्या. दिवसाला चार ग्लास, वर भाताचा डोंगर. एक ग्लास मीही प्यायले. वाहवा केली.

जूनमधल्या एका सकाळी काका कढईसमोर उभे होते आणि त्यांचा श्वास मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. जवळ गेले तर तोंडाला सडक्या फळासारखा वास. नजर माझ्यावर ठरेना. हाउसआर्ट्सच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी विचारलं, "वजन जास्त आहे का त्यांचं?"

"वजन गेलं खड्ड्यात! माणूस कोसळतोय इथे!"

ओरडताना कळलं, हाच मूर्ख प्रश्न दोन महिने मी अख्ख्या बाजाराला विचारत होते.

अँब्युलन्स आली. इस्पितळात काकी आणि मी एका बाकावर बसलो. त्यांच्या हाताला तळणाचा वास होता आणि त्या हाताने त्यांनी माझं मनगट आवळून धरलं होतं. दार उघडलं की आम्ही दोघी दचकायचो. रक्तातली साखर भयंकर वाढली आहे, रक्तात आम्ल साचलंय, पुढचे काही तास काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

"पण हे तर हिरवे होते ना?" काकींनी मला विचारलं.

खोटं बोलायला जीभ वळवळली. "मी चुकीचं सांगितलं, काकी. तुमच्यासारख्या, आमच्यासारख्या बारीक माणसांनाही मधुमेह होतो. मला माहीत असायला हवं होतं."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग दार पुन्हा उघडलं, तसं त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"ऊठ. डॉक्टर काय म्हणतात ते नीट ऐक. आणि या वेळी न कळलेलं विचार."