मरायला टेकलेला मासा

विक्रोळीला स्टेशनजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानात मी घरच्या टाकीतल्या माशांसाठी खाणं घ्यायला गेलो होतो. शेजारी पन्नाशीचा एक माणूस काचेवर बोट टेकवून एकेक गोल्डफिश न्याहाळत होता. लोक चपळ मासा निवडतात. याने तळाशी कलंडलेला, धापा टाकणारा निवडला.

"अहो, तो मरेल दोन दिवसांत," मी म्हटलं.

"तोच हवाय. घरातला मासा मेला की घरावरचं संकट घेऊन जातो म्हणतात ना? बायको आयसीयूत आहे."

माझं डोकंच फिरलं. "मुका जीव आहे तो! निदान रोज थोडं पाणी बदला, चिमूटभर खडेमीठ टाका," असं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. त्याने मान खाली घातली आणि माशाची पिशवी छातीशी धरून निघून गेला.

महिन्याभराने तो तिथेच भेटला. डोक्यावरचे केस उतरवलेले. हातात तसलीच पिशवी, आत लालबुंद, टपोरा मासा.

"तडफडताना बघवेना हो. तुम्ही सांगितलंत तसं करत गेलो." पिशवी माझ्या हातात देत तो म्हणाला, "मासा जगला."

असल्या समजुतींवर माझा आजही काडीचा विश्वास नाही. तरी रविवारी टाकीचं पाणी बदलायला घेतलं, की त्या माशाकडे बघायचं मी टाळतो.