वाळू धुणाऱ्या मावशी

गाडी वाळूवरून सरळ आमच्याकडेच यायला लागली, वर निळा दिवा, पोलिसांची. सई कडेवर, तिच्या हातात चाळणी, आणि मावशी तिकडे पाण्याच्या कडेला फतकल मारून बसलेल्या, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, मांडीवर परात. त्यांनी मान वर केली, गाडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. नुसती मान हलवून दगडांच्या बांधाकडे दाखवलं. म्हणजे जा. मी निघाले. माझ्याकडे अकामा नव्हता हो, म्हणजे कुवेतमध्ये राहायचा कागद. ह्यांच्या मालकाने कंपनी बंद केली आणि दुसरा मालक मिळेपर्यंत आम्ही तिघं तसेच राहत होतो, चोरासारखे. पकडलं असतं तर मला नि सईला विमानात बसवलं असतं आणि ह्यांना कुठे ठेवलं असतं देव जाणे. म्हणून निघाले. पळाले नाही, पळालं की संशय येतो, फिरायला आल्यासारखी चालले. आणि तेवढ्यात सई माझ्या खांद्यावरून मागे बघून ओरडली, "मावशीऽ! मावशी, चल की!" आणि मी तिच्या तोंडावर हात दाबला.

ते पुढे सांगते. आधी मावशी कोण ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल समुद्रावर परात घेऊन बसलेली कोणी वेडी बाई.

इंदूमावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हत्या. मंगफ भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, एका खोलीत आम्ही, एका खोलीत त्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम एकच. त्या एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या, कितीतरी वर्षं कुवेतमध्येच, नवरा नाही, मूल नाही. मूळच्या कोल्हापूरच्या. मी येतो, मी जातो असं बोलायच्या. मी खेडकडची, मला पहिल्यांदा हसूच यायचं, आणि मग माझी सईपण तसंच बोलायला लागली. मी गावाहून आले त्याच दिवशी आंघोळीला म्हणून बाथरूमचं दार ढकललं तर टबात ही वाळू, आणि मावशी स्टुलावर बसून पितळेची परात पाण्यात गोल गोल हलवतायत. मी किंचाळले. त्या म्हणाल्या, "ला तखाफ, ला तखाफ. ये आत, आंघोळ कर, मी वाळू बाजूला सारतो."

ला तखाफ म्हणजे घाबरू नको. मावशींची अरबी सगळी दवाखान्यातली. कुठे दुखतंय, श्वास घ्या, घाबरू नका, एवढीच. ती त्या कुठेही वापरायच्या. भाजीवाल्याने भाव जास्त सांगितला तरी ला तखाफ, लिफ्ट बंद पडली तरी ला तखाफ, आणि मला तर दिवसातून कितीदा, कारण मी घाबरटच आहे, आधीपासून.

वाळू कशाला, तर सोनं धुवायचं शिकायला. त्यांची आई कोल्हापुरात झारेकरीण होती. सराफांच्या दुकानांसमोरची धूळ झाडून आणायची, घरी परातीत धुवायची, आणि तळाला राहिलेले सोन्याचे कण परत सराफाला विकायची. मावशींना लहानपणी त्याची लाज वाटायची. "आई शिकवायला बसली की मी पळून जायचो," म्हणायच्या. "हात काळे होतात म्हणून. मग नर्स झालो, आई गेली, आणि आता या वयात हात शिवशिवतोय बग. आईनं पोटासाठी केलं, मी हौसेसाठी करणार." पण दुकानातली धूळ नको, त्यांना नदीतलं सोनं पाहिजे होतं. त्यांच्याबरोबर एल्सी म्हणून केरळची नर्स होती, तिच्या गावाकडे एक नदी आहे, तिथे बायका अजून वाळू धुऊन सोनं काढतात. हे ऐकलं आणि मावशींनी ठरवलं, पुढच्या सुट्टीत एल्सीबरोबर जायचं. आणि तिथे जाऊन हसं होऊ नये म्हणून आधी कुवेतमध्ये सराव.

मासे धरायच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणायच्या, कात्रीने बारीक तुकडे करायचे, वाळूत मिसळायचे, आणि मग धुवायचं. वाळू वाहून जायला पाहिजे आणि शिसं तळाला राहायला पाहिजे. राहायचं नाही. सगळंच जायचं. "गेलं सोनं गटारात!" म्हणून स्वतःच हसायच्या. एकदा टबाचं भोक तुंबलं आणि पाणी खालच्या फ्लॅटच्या छतातून टपकायला लागलं, तर बिल्डिंगचा हारिस, म्हणजे रखवालदार, इजिप्तचा होता, तो वर धावत आला. "मदाम, रमल! लेश रमल?" वाळू कशाला म्हणून विचारत होता. मावशी परात हातात घेऊन दारात उभ्या. "ला तखाफ," म्हणाल्या, आणि त्याला चहा दिला आणि स्वतः हाताने भोक साफ केलं. त्यानंतर टब बंद. शुक्रवारी समुद्रावर जायचं ठरलं.

पण मावशी अशा उठून कुठे जाणाऱ्या नव्हत्या. ट्रिप म्हणजे त्यांच्यात आधी बैठक. एल्सी यायची, मावशींना चेची, म्हणजे ताई, म्हणायची, ओट्याशी उभी राहून चहा प्यायची आणि मावशी तिला छळायच्या.

"एल्सी, नदी में जोंक है क्या?"

"जोंक भी है चेची, साँप भी है. सोना थोड़ा है."

"और परमिशन किसका लेने का? पंचायत का?"

"अरे चेची, नदी में कौन पूछता है!"

"कोई ना कोई मालिक रहता है. पहले पूछने का." मग माझ्याकडे वळून, "बोटं मोज वैशे. पयलं पाणी. दुसरं परवानगी. तिसरं परतायचं कधी ते. आणि चौथं, काय वाकडं झालं तर लेकुरवाळी पयली निघंल, मागं बघायचं न्हाई. म्हण."

मी हसले. म्हटलं, "मावशी, समुद्रावर चाललोय, लढाईवर नाही."

त्या हसल्या नाहीत. मागच्या लढाईत, कुवेतवर हल्ला झाला तेव्हा, त्या इथेच होत्या. सगळे बसने वाळवंटातून निघाले तेव्हा लेकुरवाळ्या बायका सामान बघ, याला बघ, त्याला बघ करत मागे राहिल्या, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. काय बघितलं ते सांगायच्या नाहीत. "तू म्हण चौथं," एवढंच. मी म्हटलं. सईनेपण म्हटलं, बोटं मोजत.

समुद्रावर सोनं कुठलं मिळतंय. एकदा मिळाली कानातल्याची फिरकी, सोन्याची. मला वाटलं मावशी नाचतील. त्या आजूबाजूच्या सगळ्या बायकांकडे जाऊन विचारून आल्या, तुमची का, तुमची का, कोणाची नाही. मग ती तिथल्या चहावाल्याकडे ठेवली, कोणी विचारत आलं तर दे म्हणून. मी म्हटलं, अहो, सापडलंय ना? तर म्हणाल्या, "हे कुणाचं तरी हरवलंय, वैशे. मला कुणाच्या कानातलं नको. मला कुणाचंच नसलेलं पायजे."

तो शुक्रवार. तेव्हा परत लढाईची बोलणी सुरू झालेली, लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते आणि जिथेतिथे चेकिंग. हे म्हणाले होते, घराबाहेर पडू नकोस. हे शुवैखला एका गॅरेजमध्ये लपूनछपून कामाला जायचे, ते गेले आणि मी खोलीत बसून बसून वेडी झाले होते, आणि सई दाराशी चाळणी घेऊन उभी, "मी येतो, मी येतो." गेले. मावशी नेहमीच्या जागी बसायला निघाल्या, जिथे सगळी कुटुंबं बसतात, पोरं खेळतात तिथे. मला ती गर्दी नको झाली. मला वाटलं प्रत्येक जण माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, "मावशी, इथे नको. बांधाच्या पलीकडे जाऊया, तिकडे कोणी नाही."

"कुणी न्हाई म्हणजे का न्हाई ते बगाया नको का आधी?"

"चला ना मावशी. मला इथे भीती वाटते."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परात उचलली. पलीकडे तारेचं कुंपण होतं, त्याला पाटी, अरबीत. मावशींना अरबी बोलता यायची तेवढीच, वाचता नाही. मला तर काहीच नाही. त्या पाटीसमोर जरा थांबल्या, म्हणाल्या, "हे काय लिवलंय कुणास ठाऊक." मी म्हटलं, असेल काहीतरी, पोहू नका म्हणून असेल. आणि कुंपणाच्या खालीच, पाणी जिथे वळत होतं तिथे, काळ्या वाळूचा हा पट्टा. मावशी लहान पोरीसारख्या ओरडल्या, "वैशे, काळी! काळी वाळू! आई म्हणायची, जड ते काळ्यात बसतंय!" आणि बसल्याच. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. त्यांची परात पहिल्यांदा नीट फिरत होती. वरची वाळू जात होती आणि काळी राहत होती, आणि त्या मला दाखवत होत्या, बघ, आता गेली न्हाई, बघ. आणि मग ती गाडी.

तोंडावर हात दाबला ते सांगितलंच. सईने माझ्या तळव्याला चावा घेतला तरी मी हात काढला नाही. बांधावर चढून पलीकडे गर्दीत उतरले आणि मग मागे बघितलं, चौथं मोडून. दोन पोलीस. एक तर पोरगाच, मिशी पण नीट आलेली नाही, कमरेच्या बंदुकीवर हात. मावशी हात वर करून उभ्या. तो पोरगा बांधाकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता आणि मावशी मान हलवत होत्या, नाही, नाही. मग त्यांना गाडीत बसवलं. परात पण घेतली, दोन्ही हातांनी लांब धरून, बॉम्बसारखी फुटेल की काय अशी.

मखफरमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यात, दोन रात्री ठेवलं त्यांना. मी गेले नाही. हे पण जाऊ शकत नव्हते. मी फक्त एल्सीला फोन केला, आणि एल्सी दवाखान्याच्या कागदपत्रवाल्या माणसाच्या मागे लागली तेव्हा सुटल्या. आणि त्या दोन रात्री मी काय करत होते सांगू? मावशी आमचं नाव सांगतील का ह्याचा विचार करत होते. त्यांनी खाल्लं असेल का, बीपीची गोळी मिळाली असेल का, हे नंतर मनात आलं. आधी ते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. चावी त्यांच्या पर्समध्ये, पर्स पोलिसांनी अजून दिली नव्हती. मी भोकातून बघितलं, मावशीच होत्या, केस सुटलेले. आणि मी दार न उघडता आतून विचारलं, "एकट्याच आहात ना?"

बाहेरून मावशी हसल्या. "एकटीच हाय. तिथंपण तेच सांगितलं मी."

मग चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं, गंमत सांगावी तसं. ती पाटी म्हणजे सरकारी हद्द, इथे यायला बंदी अशी होती, हे त्यांना तिथेच कळलं. तो पोरगा बंदुकीवर हात ठेवून थरथरत होता तर ह्यांच्या तोंडातून सवयीने निघालं, ला तखाफ. त्याला! तो इतका दचकला. आणि मग त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, ते मूल तुला हाक का मारत होतं? मावशी म्हणाल्या, "मी म्हटलं, मी इंजेक्शन देणारी नर्स हाय, सगळी पोरं मला वळखतात. खोटं न्हाई बोललो मी." मी रडायला लागले, म्हटलं मावशी, मी सईचं तोंड दाबलं. त्या म्हणाल्या, "चौथं पाळलंस. बास." पण चौथ्यात तोंड दाबायचं नव्हतं. ते त्यांना पण माहीत होतं. चहाचा कप धुवायला उठल्या आणि बराच वेळ धुत राहिल्या.

दवाखान्याने त्यांना ठेवलं नाही. करार संपत आला होता, पोलिसांचं लफडं नको म्हणून परत केला नाही, घरी पाठवलं. एल्सीची सुट्टी पुढच्या वर्षी होती, त्यामुळे केरळचं जमलं नाही. मावशी म्हणायच्या, येईल की एल्सी, मी कुठं पळतो. जाताना परात मला दिली. पोलिसांनी ती परत दिली होती, एका बाजूने चेपलेली. मी म्हटलं, नदीवर लागेल ना तुम्हाला. "तिथं लाकडाची लागती. ह्यात कणीक मळ," म्हणाल्या. विमानतळावर मी गेले नाही. आमचा अकामा नंतर दोन महिन्यांनी झाला, नवीन मालकाकडे. तोपर्यंत मावशी कोल्हापुरात होत्या, आणि एल्सीची सुट्टी यायच्या आधीच गेल्या, झोपेतच. एल्सीनेच मला सांगितलं, दारात उभी राहून. आत आलीच नाही.

सई आता केजीत जाते. घरी मी मराठी बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, मी येतो मी जातो सगळं विसरली. मावशी पण विसरली, फोटो दाखवला तर म्हणते, हू इज धिस? पण परवा आम्ही तिघं बाजारात चाललो होतो, सगळे कागद खिशात, काही भीती नाही, आणि समोरून पोलिसांची गाडी हळूहळू आली. सई बडबडत होती. गाडी दिसली तशी बोलता बोलता थांबली, आणि आपलाच हात आपल्या तोंडावर ठेवला. गाडी जाईपर्यंत. हे म्हणाले, काय झालं गं हिला? मी सईचा हात धरून चालायला लागले.

त्या परातीत मी रोज कणीक मळते. चेपलेल्या बाजूला पीठ अडकतं, बोटाने काढावं लागतं. निघायला तर मावशींनीच सांगितलं होतं. पण पलीकडे जाऊया म्हणणारी मी, आणि तोंड दाबणारी मी. तुमच्या कडेवर तुमचं लेकरू असतं, खिशात कागद नसता, आणि ते लेकरू त्या बाईला हाक मारत असतं, तर तुम्ही काय केलं असतं हो?