मेतोदेय वायदीकची वाळूची माणसं

मेतोदेय वायदीक आयुष्यभर विमानात पोती बसवत आला. बसवत म्हणजे अगदी मानानं: खिडकीशेजारी, पाठ टेकवून, पट्टा आवळून. नवं विमान माणसं घेऊन उडण्याआधी तेवढ्याच वजनाची पोती घालून उडवून बघतात, आणि आमच्या कारखान्यात ती भरायचं काम मेतोदेयकडे होतं. वाळू मोरावा नदीची, पोती कारखान्याची आणि नावं त्याची स्वतःची. कुठलं पोतं पुढं आणि कुठलं शेपटाकडं, हे त्याच्या ध्यानात राहीना. म्हणून त्यानं प्रत्येकावर रंगानं गावातल्या कुणाचं तरी नाव घातलं. सगळ्यात जड ते मॅनेजरसाहेब. त्यांच्याखालोखाल पाद्रीबाबा. मग खाटीक, डॉक्टर, सुईण, पोस्टातली बाई.

ही गोष्ट पक्षाच्या सेक्रेटरीच्या कानावर गेली तेव्हा त्यानं बोलावून घेतलं.

"कॉम्रेड वायदीक, मला म्हणे शेपटाशी बसवलंय? आणि पाद्र्याला पुढं?"

"कॉम्रेड सेक्रेटरी, तुम्ही मागं नसलात तर विमान नाकावर आपटेल. पाद्र्याचं काय, त्याला तसंही वर जायची घाई."

सेक्रेटरी इतका खूश झाला, की पुढच्या सभेत त्यानं ते स्वतःच सांगितलं. पोस्टातली बाई मात्र फुगली. "पासष्ट किलो? मी?" म्हणाली, आणि कितीतरी दिवस वायदीकांच्या घरची पत्रं शेजारच्यांकडं पडत राहिली. त्याबद्दल शेजारच्यांची तक्रार नव्हती. आम्हीच ते शेजारी.

मेतोदेयचा बापही याच कारखान्यातला, सुतार. त्या काळी आमची विमानं लाकडाची आणि कापडाची असत. सरसाचा वास सगळ्या गल्लीला यायचा. मग जर्मन आले, त्यांच्यासाठी विमानं झाली. मग ते गेले, रशियन आले, त्यांच्यासाठी झाली. बाप म्हणायचा, "शेपटावरचं चित्र बदलतं रे, पंखाला काय कळतंय!" पोराच्या वेळेपर्यंत लाकूड गेलं, पत्रा आला, आणि आमचं 'बदक' जन्माला आलं. कागदोपत्री त्याला भारदस्त नाव होतं, पण आखूड पाय आणि जमिनीला टेकू बघणारं पोट पाहून गावानं पहिल्याच दिवशी बदक म्हटलं. दोन इंजिनं, लहानसं, चिखलात उतरायचं, बर्फात उतरायचं. शेकड्यांनी सैबेरियाला गेली आमची बदकं. आम्ही इथं गुबगुबीत झालो.

मेतोदेयला आणखी एक वेड होतं. माणूस नुसता बघून त्याचं वजन सांगायचा. लग्नाकार्यात लोक त्याच्यासमोर रांगेनं उभे राहत आणि स्लिवोवित्सेच्या, म्हणजे आमच्या आलुबुखाराच्या दारूच्या, ग्लासाची पैज लागे. असाच एका लग्नात त्यानं शेजारगावच्या फिलोमेनाला भर मांडवात सांगितलं, "अठ्ठावन्न. त्यात जिभेचे दोन."

तिनं हातातली वाइन त्याच्या डोक्यावर ओतली. "आता तुझं सांग, ओलं धरून!"

पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. याहून वाईट सुरुवात झालेले संसार मी इथं पाहिलेत, आणि चांगली सुरुवात होऊन मोडलेलेही. नावं सांगत नाही, त्यातली निम्मी मंडळी अजून जिवंत आहेत.

फिलाला एकच हौस. बदकात बसून एकदा आपलं माहेर वरून बघायचं. हे काही चंद्र मागणं नव्हतं. दर उन्हाळ्यात कारखान्याचा दिवस असे. बँड वाजे, सॉसेज भाजत, आणि कामगारांच्या बायकापोरांना गावावरून एक चक्कर मिळे. गावातल्या साऱ्या बायका उडाल्या. खाटकाची आई तर मांडीवर खसखशीच्या केकचं ताट घेऊन उडाली आणि ताट रिकामं घेऊन उतरली. फिला दरवर्षी इस्त्रीचा पोशाख घालून कुंपणाशी उभी. मेतोदेय म्हणायचा, यंदा वारा बरा नाही. पुढच्या वर्षी म्हणायचा, इंजिन नवं आहे, जरा रुळू दे.

आम्ही त्याला टोमणे मारायचो. "मेतोदा, वाळूला बसवतोस, बायकोला नाही. वाळूशी लग्न करायचं होतंस!"

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी फार ताणत नसे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एक बदक चाचणीच्या वेळी बीटच्या शेतात कोसळलं होतं. दोघे वैमानिक गेले. पोती ओळखायला मेतोदेयला नेलं. पाद्रीबाबा फुटलेला, सुईण फुटलेली, सऱ्यांतून वाळू पसरलेली. डॉक्टर तेवढा पट्ट्यात धड बसलेला. मेतोदेय घरी आला आणि दोन्ही हात बादलीत घालून बसून राहिला. त्यानं पुन्हा पोती भरली, पुन्हा नावं घातली, विनोदही पुन्हा सुरू केले. पण स्वतः कधी उडला नाही, आणि फिलाला उडू दिलं नाही. फिलानं भांडण केलं नाही. वाइन ओतणारी बाई ती, पण याबाबतीत गप्प राहिली. ते गप्प राहणंच त्याला खात असावं.

मग राज्य पालटलं. प्रागच्या चौकात लोकांनी 'चला, निघा आता' म्हणून पक्षाला किल्ल्या वाजवून दाखवल्या, आम्हीही वाजवल्या. आणि थोड्याच काळात सैबेरियाचं गिऱ्हाईक बुडालं. गवतावर बदकं ओळीनं उभी राहिली, पंखे काढलेली. निम्मे लोक घरी बसले. कारखान्याचा दिवस बंद झाला. आणि त्याच वर्षी फिलाच्या पोटात दुखू लागलं.

वसंतात एका सकाळी ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, "मेतोदा, मला एकदा वर जायचंय."

"अगं, वारा..."

"वाऱ्याचं सोड. आता विमान पडलं तरी माझं काय मोठं नुकसान होणार आहे?"

हे तो मला सांगायला आला तेव्हा त्याची टोपी उलटी होती आणि त्याला पत्ता नव्हता.

एकच बदक तेव्हा उडण्याजोगं होतं. दूरच्या कुठल्या बेटावरच्या व्यापाऱ्यानं घेतलेलं. नेण्याआधी त्याची चाचणी व्हायची होती. मेतोदेयनं वैमानिक कामिल ओन्द्रूशला गाठलं. चाचणीत बाहेरच्या माणसाला बसवायची बंदी.

कामिल म्हणाला, "मी मागं वळून बघत नसतो. पोती मोजणं तुमचं काम. पण काका, वजन बरोबर हवं."

"एक पोतं काढून तिला बसवतो. पोस्टातली बाई आणि ती सारख्याच. थोडीफार उतरली असेल, साठ धर."

"डोळ्यानं नको. काट्यावर."

ठरल्या दिवशी फिला आली ती सणाचा पोशाख घालून. आमच्याकडचे ते फुगीर घागरे, एकावर एक, भरतकामाच्या बाह्या, डोक्यावर लाल रुमाल. गालांना बहुधा बीट चोळलं होतं. शेडमधले उरलेसुरले कामगार टाळ्या वाजवायला लागले. "वहिनी, नवरीच वाटताय!" "मेतोदा, सांभाळ, कामिल पळवून नेईल!"

"न्यायचं तर लवकर ने बाबा," फिला म्हणाली, "पुढं सवड नाही."

मेतोदेयनं हात धरून तिला काट्यावर उभं केलं. काटा हलला आणि थांबला. मेतोदेय खाली वाकला. मग तिला उतरवून स्वतः चढला, स्वतःचं वजन बघितलं, उतरला आणि तिला पुन्हा चढवलं.

चव्वेचाळीस.

"घागरे धरून," फिला हळूच म्हणाली. "सात आहेत."

गावच्या लग्नांत अनोळखी माणसाला किलोपर्यंत ओळखणारा तो, आणि हे त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्या अंथरुणात घडलं होतं. तो वाळूच्या ढिगाशी गेला, एक लहान पिशवी घेतली आणि फावडं बाजूला ठेवून ओंजळींनी भरू लागला. भरून काट्यावर ठेवली, थोडी काढली, पुन्हा थोडी घातली. या पिशवीवर नाव घातलं नाही.

फिलाला त्यानं डॉक्टर आणि सुईण यांच्यामध्ये बसवलं, पिशवी पायांशी ठेवली, पट्टा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. कामिल पुढून ओरडला, "काका, आणखी एक पोतं काढा आणि तुम्हीही बसा! ढेरी धरून खाटकाएवढे आहात!"

फिलानं मेतोदेयकडं बघितलं.

मेतोदेयनं खाटकाच्या पट्ट्याला हात घातला. मी दारातून बघत होतो. बक्कल त्यानं हजारदा उघडलेलं, पण त्या दिवशी पट्टा उलट आणखी आवळला. मग तो सरळ झाला, म्हणाला, "खाली कुणीतरी पाहिजे," आणि शिडी उतरला.

बदक उडालं. तिच्या माहेराकडं वळताना आम्हाला दिसलं, मग टेकडीमागं गेलं. मेतोदेय गवतावर उभा होता, आवाज पुन्हा ऐकू येईपर्यंत. कुणीतरी सिगारेट पुढं केली, त्यानं ती घेतली आणि तशीच हातात ठेवली.

उतरली तेव्हा रुमाल मागं सरकला होता, गाल खरंच लाल होते. त्यानं तिला उचलूनच खाली घेतलं.

"कसं होतं?"

"छान होतं," ती म्हणाली. "आईच्या अंगणातला अक्रोड दिसला. काय मोठा झालाय! सगळा गाव होता बरोबर. तू तेवढा नव्हतास."

रागानं नाही म्हणाली. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

द्राक्षं उतरायच्या आधी फिला गेली.

पुढं कारखान्याला नवा मालक मिळाला, बदकं पुन्हा विकली जाऊ लागली, कारखान्याचा दिवसही पुन्हा सुरू झाला. जुन्या कामगारांना फुकट चक्कर. गेल्या उन्हाळ्यात आम्ही म्हाताऱ्यांनी मेतोदेयला अक्षरशः ढकलत शिडीपर्यंत नेलं. "चढ रे, तुझी पोती मेली का उडून?" वगैरे नेहमीचं. आणि तो चढला! एक पायरी, दुसरी, दारात पोचला. आत सगळ्या सीटा रिकाम्या, नवीकोरी निळी कापडं.

तिथं उभी असलेली पोरगी म्हणाली, "बसा ना आजोबा, कुठंही बसा."

त्यानं रिकाम्या ओळी शेपटापर्यंत बघितल्या. मग तिलाच विचारलं, "मी कुणाशेजारी बसू?"

तिला वाटलं, म्हाताऱ्याला चांगली जागा हवी आहे. "खिडकीशी बसा," ती म्हणाली, "वरून गाव फार सुंदर दिसतं."

"ऐकलंय," मेतोदेय म्हणाला, आणि मागच्या लोकांची क्षमा मागत, कठडा धरून, एकेक पायरी उतरून खाली आला.