पालेवाल्या सरांचा काढा

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे पालेवाले सर म्हणत. ते शिकवत नसत; ‘सर’ ही लोकांनी दयेपोटी दिलेली बढती होती. उभी हयात त्यांनी झाडांची पानं वाळवली, कुटली, गाळली आणि अर्क काचेच्या नळ्यांत ओतला. नळीत आधीच एक एन्झाइम असे, आतड्यात साखर फोडतं ते. त्यानं आपलं काम केलं की नळी पिवळी होई. पानांनी त्याचे हात बांधले की कोरी राही. कोरी नळी दिसली की घरात पाळणा हलल्यासारखे सर हरखत. या गडबडीत लग्न तेवढं राहून गेलं.

घरी थोरली बहीण होती. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहून शिवणकाम करायची. रक्तात साखर भरपूर, जिभेवर नावाला नाही.

“शहाण्या, साऱ्या जगाला पाला चारायला निघालास. मग मी काय तुझं घोडं मारलंय? मला दे की!”

अशी तुतीच्या पानांच्या काढ्याला सुरुवात झाली. जेवणानंतरची साखर खरंच कमी चढू लागली. सरांच्या पानांवर विश्वास ठेवणारं जगातलं ते पहिलं माणूस. इन्सुलिनचं इंजेक्शन मात्र होतं तेवढंच चालू राहिलं.

“ताई, डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं गं.”

“काय घालणार? भाऊ पाला उकळून पाजतो म्हणून? हसतील तुला!”

हसण्याला सर फार भीत. डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं.

एका दुपारी कोवळी पानं मिळाली म्हणून काढा करताना त्यांचा हात सैल सुटला. ताईनं इंजेक्शन घेतलं, काढा प्यायली, जेवली आणि मशीनवर बसली. थोड्या वेळानं शिवण वाकडी जाऊ लागली. हात थरथरत होते, पोलकं घामानं भिजलं होतं, आणि ती केव्हाच मेलेल्या गिऱ्हाइकाला माप विचारत होती.

साखर उतरली, हे सरांनी ओळखलं. त्यांनी साखरेचं पाणी करून पाजलं. फरक पडेना. दुसरा पेला आणखी दाट केला.

“गोड मिट्ट झालंय रे,” ती पुटपुटली आणि मान टाकली.

तिसरा पेला ढवळता ढवळता सरांचा चमचा थांबला. ही साखर फुटणारच नव्हती. ती फोडणाऱ्याचे हात त्यांनीच काढ्यानं बांधून ठेवले होते. पोटात गेलेलं सगळं तसंच पडून होतं. हवं होतं ग्लुकोज, ज्याला फोडावं लागत नाही. प्रयोगशाळेत त्याचे डबे होते, घरात चिमूटभरही नव्हतं. सर अनवाणी औषधाच्या दुकानाकडे धावले. परत आले तोवर ताईला गिळता येत नव्हतं.

इस्पितळात तरुण डॉक्टरनं विचारलं, “साखरेचं पाणी दिलं, तरी साखर चढली नाही?”

सरांनी सगळं सांगितलं, एकही पान न लपवता.

“म्हणजे पानं माणसातही काम करतात!” डॉक्टर बोलून गेला, मग ओशाळला. हे ऐकण्यासाठी सरांनी जन्म घालवला होता. त्यांनी फक्त ताई शुद्धीवर कधी येईल तेवढं विचारलं.

ताईनं डोळे उघडले ते फार उशिरानं. मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नव्हती. किती परत येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. तिनं उशाशी बसलेल्या सरांना नीट न्याहाळलं.

“तुम्ही इथलेच ना हो?”

“हो,” सर म्हणाले.

“मग एक काम करा. बाहेर माझा भाऊ असेल. बावळट दिसतो, लगेच ओळखाल. त्याला कुणी बोलू नका. काढा मीच मागितला होता. आणि तो जेवला का तेवढं विचारून या.”

सर उठून बाहेर गेले. रिकाम्या बाकासमोर थोडा वेळ उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, “जेवलाय.”