कामं दाखवणाऱ्या आत्या

माणसाची धक्का बसायची ताकद वयानुसार कमी होत जाते म्हणतात. माझ्या बायकोच्या आत्यांना भेटेपर्यंत मलाही ते खरं वाटायचं. लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि या बाईंनी मला हादरवलं नाही असा एक महिना मला आठवत नाही. नोएडातल्या एका सेक्टरात त्या एकट्या राहतात. सरकारी कार्यालयात स्टेनो म्हणून उभं आयुष्य काढून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून दिल्लीतल्या मराठी घरांतल्या दहावी-बारावीच्या मुलांना 'पुढे काय करणार?' म्हणून विचारत सुटल्या. हा प्रश्न सगळेच नातेवाईक विचारतात. पण आत्या उत्तर मिळेपर्यंत उठत नाहीत, आणि मिळालं की त्या मुलाला हाताला धरून जिथे ते काम चालतं तिथे नेऊन उभं करतात. वकील व्हायचंय म्हणणाऱ्या एकाला त्यांनी कोर्टाच्या बाकावर दिवसभर बसवून फक्त तारखा पडताना दाखवल्या. दुसऱ्याला शेफ व्हायचं होतं, त्याला लग्नात जेवण करणाऱ्या एका हलवायापुढे कांद्याचं पोतं देऊन बसवलं. "पोतं संपेपर्यंत बसला तर शेफ," त्या म्हणाल्या, "नाहीतर बी. कॉम."

एकदा मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडलो होतो. दार उघडलं आणि दोन मुलींना घेऊन आत्या आत. "चालू द्या डॉक्टर, आम्ही फक्त बघतो. मुलींनो, ही अक्कलदाढ. जावईबापू, आ जरा मोठा करा, मागे उभी आहे तिला दिसत नाहीये." माझ्या घशातून निषेधाचा जो आवाज निघाला तो डॉक्टरांनी दुखण्यात जमा केला आणि आणखी एक इंजेक्शन दिलं.

पण खरा हादरा बसला माझे सासरे गेले तेव्हा. सासरे म्हणजे आत्यांचे सख्खे थोरले भाऊ. विद्युतदाहिनीपाशी आम्ही सगळे खाली मान घालून उभे होतो. आत्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. डोळे पुसता पुसता त्या तिथल्या ऑपरेटरकडे गेल्या आणि म्हणाल्या, "भैया, आपने कौन सा कोर्स किया है?" माझी बायको जागच्या जागी थिजली. तो माणूसही बावचळला, मग म्हणाला, "आईटीआई, मैडम. इलेक्ट्रिशियन." आत्यांनी मान हलवली आणि पुन्हा रडायला लागल्या. घरी परतताना गाडीत त्या हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "किती नीट केलं हो त्याने सगळं. दादाला जराही हिसका बसू दिला नाही. अशी माणसं कुठे तयार होतात, ते कळायला नको?"

जानेवारीत आम्ही दिल्लीकर मराठी मंडळी बस करून पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातो. दोन वर्षांपूर्वी आमच्या बसमध्ये कॅन्टोन्मेंटमध्ये राहणारे साताऱ्याकडचे लष्करातले एक हवालदार होते, आणि सोबत त्यांची बारावीतली मुलगी, प्रणाली. स्मारकापाशी वक्त्यांचं भाषण रंगात आलं होतं, किती बांगड्या फुटल्या, किती मोहरा हरवल्या. भाषण संपलं. "कुणाला काही विचारायचंय?" असं त्यांनी सवयीने म्हटलं, आणि कधीच कुणी काही विचारत नाही तिथे प्रणाली उभी राहिली. "सर, जे मेले नाहीत, पण ज्यांचे पाय तुटले, ते घरी कसे गेले?"

वक्ते चष्मा पुसायला लागले. हवालदारांनी पोरीचा दंड धरून तिला खाली बसवलं. आत्या मात्र मागच्या रांगेतून वाट काढत पुढे आल्या. "बारावी ना गं तू? सायन्स? पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर यायचं."

त्या शनिवारी आत्यांनी तिला कृत्रिम पाय बनवतात अशा एका कार्यशाळेत नेलं. मीही होतो, कारण माझ्या गाडीत जागा होती. दोन तासांनी मला चहा हवासा वाटू लागला, पण पोरगी हलेना. प्लॅस्टरचा साचा कसा घेतात, गुडघ्याचा सांधा कसा बसवतात, ती वहीत काढत बसली होती. एक तरुण जवान दोन दांड्यांना धरून नव्या पायावर पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

महिन्याभराने हवालदार आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरवर आले, तेही युनिफॉर्ममध्ये. मी हादरलोच. "साहेब, आत्याबाईंना सांगा. पोरगी इंजिनियर होणार होती. आता म्हणते, पाय बनवायचा कोर्स करणार! गावाकडं काय सांगू? पोरगी सुतारकाम शिकते म्हणून?" मी मनापासून त्यांची बाजू घेतली. खरं सांगायचं तर मलाही तो आत्यांचा आचरटपणाच वाटत होता. त्यांच्याबरोबर आलेली प्रणाली दाराशी उभी होती. ती म्हणाली, "पप्पा, तो जवान उभा राहिला ना, तेव्हा मी विचारलं त्याला, घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करणार? तो म्हणाला, पायरी चढणार. आई रोज उचलून आत घेते, ते बंद करणार."

हवालदारांनी चहाचा कप उचलला, तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "चार वर्षांचा कोर्स आहे. हॉस्टेल आहे. धाकट्याची शाळा आहे. मला नाही झेपायचं."

म्हणजे तिथून पुढचं काम आत्यांचं होतं. त्यांच्याकडे शिष्यवृत्त्यांच्या माहितीच्या जाडजूड फायली आहेत आणि त्यांतल्या बारीक अक्षरांतल्या अटी त्या भिंग घेऊन वाचतात. एक चांगली योजना निघाली, पण ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी होती. आत्यांनी हवालदारांना फोन लावला. "तुम्ही निवृत्त कधी होताय?" "दोन वर्षं आहेत." "जरा आधी नाही का जमणार?" मी आत्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

शेवटी दर्यागंजमधला एक जुना ट्रस्ट सापडला. कुण्या दानशूर बाईंनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, 'हातांनी करायचं काम शिकणाऱ्या मुलीसाठी.' तोवर प्रणालीला प्रवेश परीक्षा पास होऊन जागा मिळाली होती, आणि पैसे भरायला दहा दिवस उरले होते. कागदांवर माझे सही-शिक्के झाले. "जावईबापू, तुम्ही गॅझेटेड ऑफिसर झालात ते यासाठीच," असं आत्यांनी मला ऐकवलंही.

आम्ही चौघं ट्रस्टच्या ऑफिसात गेलो. विश्वस्त सत्तरीचे होते. घराणं तीन पिढ्या दिल्लीत, त्यामुळे मराठी हिंदीच्या चालीवर. "अकरा साल झाली, कोणी आलंच नाही," असं म्हणत त्यांनी अर्ज चाळला. "पण बेटा, हे तर कॉलेजचं शिक्षण आहे. बाईंना शिवणकाम म्हणायचं असणार. मला नाही वाटत, नियमात बसेल." ते उठले आणि कपाटाकडे जाऊन अर्ज ठेवू लागले. आत्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधी प्रणाली बोलली.

"आजोबा, तुमचा डावा पाय थोडा आखूड आहे ना?"

हवालदार "प्रणाली!" म्हणून ओरडले. विश्वस्त वळलेसुद्धा नाहीत. मग सावकाश म्हणाले, "लहानपणी पोलिओ झाला होता. या ऑफिसात चाळीस साल झाली, कोणी बोललं नाही. तुला कसं कळलं?"

"बुटाची टाच एकाच बाजूने झिजलीय. आतून पाऊण इंचाची उंची दिली तर कंबर दुखायची थांबेल. दुखते ना?"

ते खुर्चीत येऊन बसले, बूट काढला आणि टेबलावर ठेवला. प्रणालीने पट्टी मागितली. पुढची वीस मिनिटं त्या खोलीत फक्त मापांबद्दल बोलणं झालं. अर्जावर सही कधी झाली, ते मला कळलंच नाही. आणि आत्या? आत्या एकही शब्द बोलल्या नाहीत. मला तोच धक्का सगळ्यांत मोठा वाटला.

जुलैत आम्ही प्रणालीला निजामुद्दीन स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. हवालदार तिच्याबरोबर गेले. आत्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून मी त्यांना सोडायला मेट्रोने नोएडाला निघालो. मेट्रो यमुनेच्या पुलावर आली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आत्या, तुम्हाला बारावीनंतर काय व्हायचं होतं?"

"मला नकाशे काढायचे होते," त्या लगेच म्हणाल्या. जणू उत्तर कधीचं तयार होतं. "नद्यांचे, डोंगरांचे. बाबा म्हणाले, बाईमाणूस दुर्बीण घेऊन डोंगरावर कशी जाणार? टायपिंगला घातलं. टायपिंगही चांगलंच होतं हो, तक्रार नाही. पण नकाशे काढणारा माणूस प्रत्यक्षात बघितला नाही मी कधी."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पावसाने नदी पसरली होती, मधली बेटं बुडाली होती. "काठ सरकलाय बघा," त्या म्हणाल्या, आणि काचेवर बोट टेकवून पाण्याचं ते वळण हळूहळू काढत गेल्या, पूल संपेपर्यंत.