मी विहिरीवर पडले नव्हते

"पडल्यावर हाड असं मोडत नाही," एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे अल्नाचं फ्रॅक्चर आहे."

अल्ना म्हणजे करंगळीच्या बाजूचं हाड. ते मधोमध मोडलं होतं. अंगावर येणारा मार अडवायला हात वर केला की असं होतं, असं त्या म्हणाल्या आणि सासूबाईंना औषधाच्या खिडकीवर पाठवलं.

ही पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. सासर पांढुर्ण्याचं. तिथल्या दवाखान्यात सगळे ओळखीचे, म्हणून सासूबाईंनी मला बसने सौंसरला आणलं होतं. विहिरीवर पाय घसरला, असं त्याच सांगत होत्या. मी मान हलवत होते.

खरं म्हणजे नवऱ्याने काठी घातली होती, आणि ती पहिली वेळ नव्हती. मी आमच्या घरातली पहिली बी.ए. बाबा हे गावभर सांगत. त्यांची मान खाली जाईल म्हणून मी दोन वर्षं गप्प होते.

"तिथंच परत जायचं आहे का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हणाले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी एमएलसी केली. म्हणजे मारहाणीची जखम कागदावर नोंदवून पोलिसांना कळवणं. मग प्लास्टर घालून मला दाखल करून घेतलं. शिकलेल्या सुना अशाच, म्हणून सासूबाई वॉर्डात तणतणल्या.

"आजी, हळू बोला," सिस्टर म्हणाल्या. "हे तुमचं आंगण नाही."

सिस्टरनीच माझ्या माहेरच्या, रामाकोन्याच्या एका मास्तरांजवळ बाबांना निरोप दिला. दुसऱ्या दिवशी ते आले.

आमच्याकडे बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. बाबा संत्री घेऊन पांढुर्ण्याला येत, ओसरीवर टोपली ठेवून उभ्या उभ्या परत जात. लग्नानंतर मला त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. दवाखान्यात ते पहिल्यांदा जवळ बसले. गळ्यात अडकवलेला हात पाहिला, गालावरचा डाग पाहिला.

"मले सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही लोकांना सांगत होते ना बाबा, पोरगी बी.ए. झाली म्हणून."

"मंग? मार खायले शिकवलं का तुले?"

ते उठले. मग माझी पिशवी भरू लागले.

प्लास्टर सहा आठवडे राहिलं. नंतर हाताला व्यायाम. त्या दिवसांत सासरकडून चार जण समजूत घालायला रामाकोन्याला आले. नांदती पोर घरी ठेवणं बरं दिसत नाही, असं बाबांना सांगू लागले. गावासमोर बाबा टिकतील का, मला ठाऊक नव्हतं.

बाबांनी त्यांना चहा दिला. "पोरगी नाही जात म्हणते," म्हणाले. "अन् मीही नाही पाठवत."

पुढे मला शाळेत नोकरी लागली. थंडीत हात अजून दुखतो. ज्या बाईवर ही वेळ आली असेल तिने डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या म्हणावं आणि खरं कारण सांगावं. माहेरच्यांना ते सोसणार नाही, हे आपणच ठरवू नये. मी ठरवलं होतं, आणि त्यात माझी दोन वर्षं गेली.