दुमडलेला कोपरा

माझ्या थोरल्या जाऊबाई कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. मी त्यांना ताई म्हणते, वॉर्डात सगळे सिस्टर म्हणतात आणि आमच्या सासूबाई 'थोरले' अशी हाक मारतात. ताई एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहेत. घरात कुणाचं डोकं दुखलं, तर गोळी देण्याआधी त्या पूर्ण नाव विचारतात. नवऱ्यालासुद्धा विचारतात. भावजी बिचारे कपाळ दाबत नाव सांगतात, मग ताई पाकिटावरची तारीख उजेडात धरून वाचतात आणि तेव्हा कुठे गोळी हातावर पडते.

"वॉर्डात एकाच नावाची दोन माणसं निघतात," त्या म्हणतात.

घरात एकाच नावाचे दोन नवरे नाहीत, हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं. "तुला काय माहीत?" म्हणाल्या.

दुसऱ्याने लावलेलं सलाईन त्या पुन्हा तपासतात, तसाच दुसऱ्याने बंद केलेला गॅस पुन्हा बंद करतात. लग्न होऊन आले तेव्हा मला याचा भयंकर राग यायचा. भाजीत मीठ घातलंय म्हटलं तरी चाखून बघायच्या. आता राग येत नाही असं नाही, पण इतक्या वर्षांत मला एवढं कळलंय, की संशय हा त्यांचा स्वभाव नाही, नोकरी आहे. नोकरी घरी येताना दारात काढून ठेवता येत नाही, एवढंच.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे चिकटपट्टी. जखमेवर लावतात ती पांढरी, कागदी. स्वतःच्या ड्रॉवरमध्ये तिचं एक रीळ त्या कायम ठेवतात आणि घरातलं जे काही तुटेल ते तिने चिकटवतात. पट्टी लावली की टोकाचा कोपरा आत दुमडतात, म्हणजे काढताना तेवढंच टोक चिमटीत सापडतं. टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण असंच पट्टीवर तगून आहे. सासूबाई मालिका बघताना त्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत बसतात. वर बोलूनही दाखवतात, "निम्मी पट्टी दुमडण्यातच वाया घालवते ही."

"काढायची वेळ येते तेव्हा कळतं, आई," ताई म्हणतात. "खरवडून काढली की कातडं निघतं."

मालिका म्हणजे ती डॉक्टरची. रोज संध्याकाळी असते आणि त्या वेळात आमच्या घरात कुणी शिंकलेलंही सासूबाईंना खपत नाही. त्यातला डॉक्टर दिसायला देखणा आहे, हे मीही मान्य करते. पण हा गृहस्थ स्ट्रेचर स्वतः ढकलतो, इंजेक्शन स्वतः देतो, ताप स्वतः बघतो आणि पेशंटच्या उशाशी स्वतःच जागत बसतो. एवढ्या मोठ्या दवाखान्यात दुसरं कुणी पगार घेतं की नाही, असा प्रश्न पडावा. नर्स दोन आहेत. एक दारात येऊन "डॉक्टर, लवकर चला" म्हणते. दुसरी त्याच्यावर भाळलेली आहे, त्यामुळे तिला वेळ नसतो.

ताई कपड्यांच्या घड्या घालत उभ्याउभ्याच बघायच्या. "हे सलाईन कुणी लावलं? मघाशी नव्हतं. म्हाताऱ्याची चादर कुणी बदलली?"

"थोरले, बघू दे जरा," सासूबाई म्हणायच्या. "त्याच्या हाताला गुण आहे."

हाताला गुण! आमच्या घरात नर्स आहे, हे सासूबाईंनी बाहेर कधी सांगितलं नाही. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं होतं, "थोरली दवाखान्यात असते." शेजारच्या काकूंना तर बरीच वर्षं वाटत होतं, की ताई तिथे केसपेपर काढायला बसतात. हे ताईंना लागायचं. असं काही कानावर आलं की त्या दिवशी गॅस जरा जास्तच वेळा तपासला जायचा.

मग सासूबाई घरात मोजे घालायला लागल्या.

उन्हाळ्याचे दिवस, आम्ही सगळे पंख्याखाली, आणि यांच्या पायात जाड लोकरी मोजे. विचारलं तर म्हणाल्या, "फरशी गार लागते." मी सोडून दिलं. ताईंच्या मनात मात्र तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. दोन दिवस त्यांनी सासूबाईंची चाल बघितली, मग मला स्वयंपाकघरात गाठलं.

"उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर टाकतात. आणि जवळ गेलं की वास येतो."

"कसला वास?"

"पाय झाकून ठेवल्याचा." सिंकमधले धुतलेले कप त्या पुन्हा धुवायला लागल्या. "त्यांना साखर आहे. त्यात पायाला काही झालं तर दुखत नाही, कळतही नाही. कळतं तेव्हा बोट गेलेलं असतं. कधी पाय."

मला एकदम सासूबाईंची मोठी बहीण आठवली. त्या मावशी दोन पायांवर दवाखान्यात गेल्या आणि एका पायाने परत आल्या. सासूबाईंनी तेव्हापासून दवाखान्याचा उंबरा ओलांडलेला नाही. साखरेच्या गोळ्याही भावजीच आणतात.

त्याच दिवशी ताईंनी सरळ विचारलं, "आई, पाय दाखवा बघू."

"पायाला काय झालंय माझ्या?"

"तेच बघायचंय."

"दाखवायचाच झाला तर डॉक्टरला दाखवीन," सासूबाई पाय खुर्चीखाली ओढत म्हणाल्या. "तू काय डॉक्टर आहेस?"

ताई तिथून उठून गेल्या. मला सासूबाईंचा राग आला आणि मी तो गिळला, कारण मावशींचा पाय मीही पाहिला होता. डॉक्टर म्हटला की तो कापणार, म्हणून डॉक्टर नको. आणि सून डॉक्टर नाही, म्हणून ती नको. म्हातारीने दोन्ही दारं आतून लावून घेतली होती. ताईंनी भावजींना मध्ये घातलं, तर त्यांनाही "माझ्या पायाच्या मागे का लागलाय सगळे?" एवढंच ऐकून परत यावं लागलं. बळजबरीने मोजा काढू म्हणणारी मी एकटीच होते. ताई म्हणाल्या, "एकदा ओढून बघशील. रोज पट्टी बदलायला रोज ओढणार आहेस का?"

त्यात ताईंच्या ड्रॉवरमधली पट्टी संपायला लागली. रीळ झपाट्याने बारीक होत होतं. संशय अर्थातच माझ्यावर.

"तू घेतेस का? घे, पण सांगून घे."

"मी कशाला घेऊ?"

"मग कोण घेतं?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की न केलेली चोरी कबूल करावी. पुढे तीन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

अशात मालिकेवाले ताईंच्या दवाखान्यात आले. तिथला एक जुना, बंद पडलेला वॉर्ड त्यांनी चित्रीकरणासाठी घेतला होता. कुणीतरी ताईंचं नाव सुचवलं आणि एक चष्मेवाला पोरगा त्यांच्याकडे आला. नस शोधून सुई लावण्याचा एक प्रसंग आहे, तो खरा दिसायला हवा, सिस्टर, तुम्हीच या.

ताई घरी आल्या त्या विचारातच. "कुठेतरी पाणी मुरतंय. मला विचारलं, हातमोजे घालाल ना? मी म्हटलं, घालणारच. तर केवढा खूष झाला. हातमोजे घातले म्हणून कुणी खूष होतं का?"

"तुमचा चेहरा दिसेल ना?"

"विचारलं मी. बघू म्हणाला. पेशंट वाचेल का विचारल्यावर डॉक्टर म्हणतात तसलं बघू."

तरी त्या गेल्या. का गेल्या, याचा मला संशय होता आणि तो मी बोलून दाखवला नाही. ज्या डब्यापुढे सासूबाई रोज हात जोडून बसल्यासारख्या बसतात, त्या डब्यात एकदा आपण दिसावं. मग तरी या बाईला कळेल, की सून दवाखान्यात नुसती 'असत' नाही. कळलं तर मोजा निघेल. एवढा साधा हिशेब होता तो, आणि तो कळायला मला ताईंसारखं संशयी असायची गरज नव्हती.

परत आल्यावर मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. "झालं," म्हणाल्या. "बघण्यासारखं काही नाही." तेवढ्यावर थांबेन तर मी कसली? तो भाग लागायच्या दिवशी मी शेजारच्या काकूंना बोलावून ठेवलं, सासूबाईंना सांगितलं, आज थोरली टीव्हीवर आहे.

"ही? कशाला?" सासूबाई म्हणाल्या. पण चष्मा पुसून बसल्या.

मालिका सुरू झाली. ताई मागे दाराशी चादरीची घडी घालत उभ्या. एक माणूस अत्यवस्थ, त्याच्याभोवती धावपळ. ती भाळलेली नर्स त्याचा हात धरून थरथरत होती. "डॉक्टर, मला नस सापडत नाहीये!" डॉक्टर आला, तिला खांद्याने बाजूला सारलं, पांढऱ्या कोटाची बाही नीट केली आणि खाली वाकला. मग पडद्यावर नुसते हात दिसले. हातमोजे घातलेले हात. एक बोट दंडाखाली हळूच फिरलं, थांबलं, सुई गेली. मागोमाग डॉक्टरचा घामेजलेला चेहरा.

"बघितलंत?" काकू म्हणाल्या. "तिला येईना, त्याने एका झटक्यात. पण तुमची थोरली कुठाय?"

मी मागे बघितलं. ताईंच्या हातातली घडी चुकली होती, ती त्यांनी उलगडून परत घालायला घेतली. मग मला कळलं. त्यांचेच हात घेऊन त्यांनाच नालायक ठरवलं होतं, आणि वर कोट त्याचा चढवला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकूंना सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण कोण विश्वास ठेवणार होतं? मी सांगितलं असतं तर जावेची कड घेते म्हणाल्या असत्या.

पडद्यावर पुन्हा हात आले. सुईवर पांढरी पट्टी बसली, एका बोटाने दाबली गेली. आणि मग अगदी सावकाश, चिमटीत धरून तिचा कोपरा आत दुमडला गेला.

सासूबाईंचा अंगठा रिमोटच्या मागे थांबला.

त्यांनी रिमोट उलटा करून बघितला. मग पडदा बघितला. तिथे डॉक्टर नातेवाइकांना धीर देत होता, त्याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"थोरले, हे हात तुझे आहेत."

"कसं शक्य आहे?" काकू हसल्या. "डॉक्टरचे आहेत हो ते."

"हा कोपरा कुठला डॉक्टर दुमडेल? त्याला थोडीच पट्टी काढायची असते?"

ताई जागेवरूनच म्हणाल्या, "मला कोट घालायला लावला. आणि कोपरा नको म्हणत होते. सरळ लावा, पडद्यावर नीट दिसत नाही, म्हणून पुन्हापुन्हा करायला लावलं. मी म्हटलं, मग काढताना तुम्ही येणार आहात का? शेवटी कंटाळले आणि तसंच राहू दिलं."

तो हट्ट सवयीचा होता, की तो कोपरा कुणाला दिसावा हे मनात धरून केलेला होता, याबद्दल माझा संशय आजही गेलेला नाही. विचारलं तर म्हणतात, सवय.

सासूबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला आणि टीव्ही चालू असताना, मालिका अर्ध्यात असताना, काकूंना म्हणाल्या, "तुम्ही आता या. मला सुनेकडे काम आहे."

काकू गेल्यावर त्यांनी उजवा पाय पुढे केला. ताई खाली बसल्या. मी दिवा लावला. मोजा वरून मोकळा निघाला, पण अंगठ्यापाशी अडकला. ताईंनी पाणी मागितलं आणि कड भिजवत, न ओढता, तो सोडवला.

आत पट्ट्याच पट्ट्या होत्या. पांढऱ्या, कागदी, ताईंच्या ड्रॉवरमधल्या. आडव्या, तिरक्या, एकीवर एक. खाली कापसाचा बोळा, पिवळा पडलेला. आणि प्रत्येक पट्टीचा कोपरा दुमडलेला होता. नीट जमला नव्हता, कुठे चुरगळला होता, पण दुमडलेला होता.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "तू घेतेस असं मला वाटलं होतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. मला रडू येत होतं, त्यामुळे भांडता आलं नाही.

त्यांनी एकेक कोपरा चिमटीत धरला आणि एकेक पट्टी अलगद सुटत गेली. सासूबाई छताकडे बघत होत्या. "कापतील?"

ताईंनी बराच वेळ जखम बघितली. बोट दाबलं, पाऊल गरम आहे का बघितलं, वास घेतला. "अंगठ्याखाली आहे. फार आत गेलेली वाटत नाही. सकाळी डॉक्टरांना दाखवायचं. मी शेजारी उभी असेन."

"पाय राहील ना?"

"राहील असं वाटतंय."

स्वतःच्या नवऱ्याच्या नावाचीही खात्री नसलेली बाई 'वाटतंय' म्हणाली, हे सासूबाईंना पुरलं. त्यांनी पाय ताईंच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

पाय राहिला. डॉक्टरांनी औषधं दिली, साखर बघितली, जखम साफ केली आणि रोजची पट्टी ताईंवर सोपवली. जखम बरी व्हायला पावसाळा उलटला. सासूबाई आता स्टुलावर पाय ठेवून मालिका बघतात, पण पूर्वीसारख्या गप्प बसत नाहीत. डॉक्टरने सुई उचलली की त्यांचा चष्मा पुढे सरकतो. परवा काकू शेजारी बसल्या होत्या. पडद्यावर पुन्हा नुसते हात आले.

"हे हात कुणाचे असतील?" सासूबाई म्हणाल्या.

"त्याचेच की," काकू म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?" सासूबाईंनी बोटाने पडद्याचा कडेचा भाग दाखवला, जिथे पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी अर्धीच दिसत होती. "माझी थोरली नर्स आहे. आधी तिला विचारू, ती कडेची काय करतेय ते."